भाच्याच्या हातचे पाणी

डिसेंबर लागला की चांदूर बाजारच्या रस्त्याने जाणे मी शक्यतो टाळतो. टळत नाही, कारण कामे त्याच रस्त्यावर निघतात. वलगाव मागे पडते, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू होतात आणि त्या मेल्यासारख्या दिसतात. पाने वळलेली, फांद्यांनी माना टाकलेल्या. काळी जमीन तडकलेली, भेगांत चपलेची टाच अडकेल एवढी. विहिरीत पाणी असते. मोटार गोणपाटाने झाकलेली असते. झाडाला कोणी थेंब देत नाही.

याला ताण देणे म्हणतात. आंबिया बहर, म्हणजे थंडी सरताना येणारे फूल, धरायचा तर थंडीत झाडाचे पाणी तोडावे लागते. तहानलेले झाड वाढायचे थांबते, थोडी पाने गाळते, आणि ठरल्या वेळी पाणी मिळाले की एकदम फुलावर येते. तेच पाणी आधी मिळाले तर फूल येत नाही. नवती फुटते, म्हणजे नुसता कोवळा पाला. बाग हिरवीगार होते आणि वर्ष वाया जाते. वऱ्हाडात हे कोणाला सांगावे लागत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला सांगून पटत नाही. तो बागेकडे पाहतो, मग बागवानाकडे पाहतो, आणि त्या दुसऱ्या पाहण्यात आरोप असतो.

असाच एक आरोप मुलांच्या पुस्तकात छापला गेला. मुलांना तो फार आवडला.

पुस्तकाचे नाव देत नाही. त्यातल्या पात्राचे नाव बदलून कवडीमामा केले आहे. माणसांची नावेही बदलली आहेत. गोष्ट थोडक्यात अशी: कवडीमामा हा संत्र्याच्या बागेचा कंजूष मालक. त्याला झुपकेदार मिशी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, विहिरीला कुलूप. झाडे तहानेने रडतात. सुटीत आलेली त्याची भाची पहाटे किल्ली चोरते, पाणी सोडते, आणि बाग फुलांनी पांढरी होते. ते पाहून मामाचे मन पाघळते. शेवटच्या पानावर तो रडतो आणि गावभर संत्री वाटतो.

अमरावती आणि अकोल्यात ज्याने शाळा पाहिली त्याने कवडीमामा पाहिला आहे. स्नेहसंमेलनात दर वर्षी एक तरी पोरगा काजळाची मिशी काढून किल्ल्या वाजवत येतो आणि बाकीचे ओरडतात, "कवडीमामा, कवडीमामा, थेंब द्या ना, थेंब द्या!" चहाचे पैसे न देणाऱ्या मित्राला कवडीमामा म्हणतात. त्या नावात राग नसतो. सगळ्यांना तो माणूस आवडतो. आवडत्या माणसाचे कोणी काही ऐकून घेत नाही, हे मला त्या हिवाळ्यात कळले.

तेव्हा मी अमरावतीच्या एका दैनिकात होतो. पुस्तकाच्या लेखकाचा अकोल्यात सत्कार ठरला होता. पुरवणी सांभाळणाऱ्या संपादकांनी सांगितले, "खरा कवडीमामा अजून जिवंत आहे म्हणतात. चांदूर बाजारकडे कुठे तरी. शोध. फोटो हसरा आण."

शोधावे लागले नाही. फाट्यावरच्या पानठेल्यावर विचारले तर तिथल्या माणसाने न विचारता पुस्तकातल्या ओळी म्हणून दाखवल्या आणि मग बोट केले.

किसनराव बांधावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, वाळके, गुळगुळीत दाढी केलेले. मिशी नव्हती.

"पेपरवाले का?"

"हो."

"मंग जा."

मी गेलो नाही. बातमीदाराला जा म्हटल्यावर थोडा वेळ उभे राहण्याची सवय असते. घरातून त्यांची सून सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. किसनराव तिच्यावर खेकसले, "त्यानं मांगलं का? मांगलं नाई तं काहून आनलं?"

"बाबा, उन्हातून आले ते."

"हिवाया हाय. ऊन कायचं?"

पाणी मी प्यायलो. ते मी पीत असताना किसनराव तांब्याकडे पाहत होते. नोंद करायला हवी की पुस्तकात लिहिलेले सगळेच खोटे नव्हते. किसनराव कंजूष होते. घरातली साखर त्यांच्या खाटेखालच्या पेटीत असे. पाहुण्याला संत्रे द्यायचे तर झाडावरचे नाही, खाली पडलेले. गावात त्यांच्याबद्दल चांगले बोलणारा मला भेटला नाही. शेजारी म्हणाला, "मानूस खडूस हाय भाऊ. पर बाग पाहाल तं नजर लागीन अशी ठेवते."

त्या दिवशी बाग नजर लागण्यासारखी नव्हती. ताण सुरू होऊन काही आठवडे झाले होते. वाऱ्यावर पाने हलत तेव्हा कागदासारखा आवाज येई. वाळक्या संत्र्याच्या पानाला कडवट, औषधी वास असतो. तो माझ्या स्वेटरला लागला आणि बसमध्ये शेजारचा माणूस माझ्याकडे वळून पाहत राहिला.

"पोट्टे येतात," किसनराव म्हणाले. मी गेलो नाही म्हणून शेवटी तेच बोलू लागले. "गाड्या भरून येतात. मले इचारतात, मामा मिशी कुठं गेली? माह्या बापाले मिशी नोती, मले नोती. इचारतात, किल्ल्या दाखवा. हिरीले कुलूप नाई पाहून रडते एक पोरगी. मास्तर मले म्हनते, आजोबा, तुमी एक कुलूप लावून ठेवत जा ना, पोरायसाठी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, तुह्या तोंडाले लावतो."

मुलगा गजानन मोटारसायकलवरून आला तेव्हा बोलण्याला वेगळे वळण लागले. बागेत डिंक्या रोग होता, खोडांवर डिंकाचे ओघळ दिसत होते. आधीचे दोन बहर फसले होते. गजाननला बाग तोडून सोयाबीन आणि तूर घ्यायची होती. बापलेकात भांडण झाले, नातेवाईक बसले, आणि सगळ्यांसमोर ठरले की हा एक ताण शेवटचा. या आंबियाला फूल आले तर बाग राहील. नाही आले तर आरा लागेल, आणि किसनराव मधे येणार नाहीत. किसनरावांनी लावलेली, स्वतः जंभेरीच्या खुंटावर कलमे बांधून वाढवलेली ती झाडे त्या हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांवर टांगलेली होती. म्हणून म्हातारा बांधावरून उठत नव्हता. तो ताणाची राखण करत होता. रात्री पाऊस शिंपडला असता तर त्याने आभाळालाही शिव्या दिल्या असत्या.

"तुमच्या भाच्याला ताण माहीत नव्हता का?" मी विचारले. पुस्तक लिहिणारे दिगंबर सर हे किसनरावांच्या थोरल्या बहिणीचे चिरंजीव, अमरावतीतले निवृत्त प्राध्यापक. मला वाटत होते की शहरात वाढलेल्या मुलाचा तो गैरसमज असावा. तसाच लेख मी मनात जुळवत आणला होता.

किसनराव हसले. हसरा फोटो काढायचा असता तर तीच वेळ होती, पण तो फोटो पुरवणीत चालला नसता.

"त्याले माहीत नोता? त्याच्याच हातानं तं ताण तोडत होतो मी."

मग त्यांनी सांगितले ते असे. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत भाच्याला मान असतो. भाचा वयाने कितीही लहान असो, मामा त्याच्या पाया पडतो. किसनरावांच्या घरात त्याला जोडून आणखी एक रीत होती. ताण संपला की पहिले पाणी बहिणीच्या लेकराच्या हाताने सोडायचे. मामाने सोडलेल्या पाण्याने झाड जगते, भाच्याने सोडलेल्या पाण्याने फुलते, अशी समजूत.

"एवढुसा होता. फावडं उचलत नोतं त्याले. मी मांगून दांडा धरू. पाटाचं तोंड फोडलं का मी त्याच्या पाया पडू. तो हासे. गुदगुल्या होतात म्हने." आवाजात ओलावा आला असे लिहिण्याचा मोह होतो, पण तसे काही झाले नाही. आवाज जास्त कोरडा झाला. "अन त्यानं लेहलं, चोरून सोडलं. मी बोलावून आनत होतो त्याले. बैलगाडी पाठवून. अन तो लेहते चोरून."

निघताना ते म्हणाले, "लेहाचं असन तं ताणाचं लेहा. माह्यं नको."

मुलांच्या पुस्तकांतली पात्रे कुठून येतात, यावर आमच्या पुरवण्यांत दर वर्षी काही ना काही छापून येते. कोणाची तरी मोलकरीण, कोणाचा तरी शिक्षक, चाळीतली एखादी म्हातारी. त्या लेखांचा सूर ठरलेला असतो: ती माणसे भाग्यवान, अमर झाली. त्यांना विचारले होते का, हे त्या लेखांत नसते. बातमीत एखाद्याचे नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चौकट टाकून आम्ही खुलासा करतो. तो कोणी वाचत नाही, पण तो असतो, आणि कापून खिशात ठेवता येतो. गोष्टीला खुलासा नसतो. मोठ्यांच्या कादंबरीत कोणाची बदनामी झाली तर तो भांडू शकतो, निदान वाचणाऱ्याला शंका तरी येते. सात वर्षांच्या मुलाला शंका येत नाही. त्याला पात्र आवडते आणि तो ते जन्मभर सांभाळतो. असे प्रेम परतवण्याचा रस्ता कोणालाच सापडलेला नाही.

दिगंबर सरांना मी अमरावतीत त्यांच्या घरी भेटलो. बैठकीच्या भिंतीवर मुलांनी काढलेली कवडीमामाची चित्रे होती, सगळ्यांना मिशा. सरांनी चहा दिला, वर बिस्किटे दिली, संपली तर आणखी आणवली.

"मला ताण ठाऊक नाही असे वाटले का तुम्हाला?" ते म्हणाले. "ठाऊक आहे. मामाने सांगितले, भाच्याने पाणी सोडले, बहर आला. ही गोष्ट झाली का? ही कृषी खात्याची घडीपत्रिका झाली. मुलांना गोष्टीत कोणी तरी तहानलेले लागते आणि कोणी तरी कुलूप लावून बसलेले लागते."

"कुलूप नव्हते."

"विहिरीला नव्हते." त्यांनी कप खाली ठेवला. "साखरेला होते. आम्ही सुटीत जायचो तेव्हा खाली पडलेले संत्रे उचलले तर ते हातातून काढून घ्यायचे. बाजारात जाते म्हणायचे. पाया पडायचे माझ्या, आणि संत्रे द्यायचे नाहीत. लहान मुलाला यातले काय लक्षात राहील? तो राग खोटा नाही. मी तो हसरा करून लिहिला, एवढेच. मामांनी माझे आभार मानायला हवेत."

हे ते हसत म्हणाले. हसण्यात साठ वर्षांपूर्वीचे संत्रे होते. मामा कंजूष आणि भाचाही काही विसरत नव्हता. दोघांत फरक एवढाच की एकाचा राग बांधावर बसून होता आणि दुसऱ्याच्या रागाच्या आवृत्त्या निघत होत्या.

सत्काराच्या दिवशी अकोल्याचे सभागृह मुलांनी भरले होते. मी समोरच्या रांगेत वही घेऊन होतो. भाषणे सुरू असताना मागे गलबला झाला म्हणून वळलो, तर किसनराव मधल्या वाटेने येत होते. पांढरे धोतर, काळा कोट, पायात कधी तरी लग्नासाठी घेतलेले बूट. मागे गजानन, मान खाली घातलेला. म्हाताऱ्याने आदल्या दिवशी हुकूम सोडला होता की गाडी काढ, मले अकोल्याले चारचौघांत बोलाचं हाय. बागेची राखण एक दिवस सोडून ते आले होते.

व्यासपीठाच्या पायऱ्या ते कोणाचा हात न धरता चढले. निवेदकाने ओळखले नाही. किसनरावांनी ध्वनिक्षेपक त्याच्या हातातून घेतला.

"मी याचा मामा हाय," ते म्हणाले. "याच्या पुस्तकातला."

सभागृह फुटले. मुले बाकांवर उभी राहिली.

"ऐका," किसनराव म्हणाले. "मी झाडाइले पानी तोडत नोतो. म्हंजे तोडत होतो, पर..."

हशा. टाळ्या.

"हसता कायले? यानं माह्यं नाव नासवलं. मले मिशी नाई, मले..."

"कवडीमामा, कवडीमामा, थेंब द्या ना, थेंब द्या!" सगळे सभागृह ठेक्यात. निवेदक सावरला होता. त्याने दुसरा ध्वनिक्षेपक घेतला. "बघा मुलांनो, कवडीमामा अजून रागावलेलेच आहेत! आपण काय करायचं? आणखी जोरात म्हणायचं!"

मी सरांकडे पाहत होतो. त्यांना एका शब्दात हे थांबवता आले असते. ते खुर्चीतून उठले आणि हात जोडून उभे राहिले. समोरच्यांना तो नम्रपणा वाटला असावा. पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी पायऱ्या चढून गेली आणि तिने आपली पाण्याची बाटली किसनरावांपुढे धरली. "मामा, तुम्ही पण प्या." छायाचित्रकार धावले. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तोच फोटो होता. त्यात किसनरावांचे तोंड उघडे आहे. तो माणूस ओरडतो आहे, हे फोटो पाहून सांगता येत नाही.

खाली गजाननचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, मग पायऱ्या चढून बापाच्या कानाशी लागला. किसनरावांनी ध्वनिक्षेपक निवेदकाच्या हातात दिला आणि ते खाली उतरले. टाळ्या तेव्हाही चालूच होत्या.

फोन सुनंदाचा होता. बागेत पाणी शिरले होते.

मी त्यांच्या गाडीत बसलो. कोणी विचारले नाही, मीही विचारले नाही. मूर्तिजापूर गेल्यावर किसनराव म्हणाले, "मोटार किती येळ चालली?"

"मालूम नाई, बाबा."

"इचार."

गजाननने विचारले. सुनंदा रडत होती, आवाज गाडीभर ऐकू येत होता. "म्या चहा टाकाले आत गेली होती. पाटाचा आवाज आला तवा धावली."

चिखलदऱ्याला निघालेली एका शाळेची सहल वाटेत ‘कवडीमामाची बाग’ पाहायला थांबली होती. परवानगी गजाननने दिली होती. अशा सहली येत, झाडे पाहत, निघून जात. या सहलीबरोबरच्या बाई उत्साही होत्या. त्यांनी मुलांना पुस्तकातले शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाल्या, "आज आपण कवडीमामाच्या झाडांना पाणी पाजू या." विहिरीला कुलूप नव्हतेच. त्या आठवड्यात शेतीची वीज दिवसा होती. कोणी तरी बटण दाबले. मुलांनी हातांनी माती उकरून पाट फोडला, आळ्यांमागून आळी भरली, नाचली, आणि फोनवर त्याचे चित्रण झाले. सुनंदाने मोटार बंद केली तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "अहो ताई, असू द्या, किती खूश झालीत झाडं." पुढे ते चित्रण फिरत राहिले. त्याखाली लिहिले होते की आम्ही कवडीमामाची झाडे वाचवली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलले होते. बस गेली होती. रस्त्याकडची अर्धी बाग ओली होती. काळ्या जमिनीवर पाणी चमकत होते, भेगा मिटल्या होत्या, चिखलात लहान लहान बुटांचे ठसे. ओल्या मातीचा वास सुटला होता. त्या वासावर लोक कविता करतात. किसनराव लग्नातल्या बुटांसकट चिखलात शिरले, वाकले, आळ्यात हात कोपरापर्यंत घातला आणि तसेच थोडा वेळ राहिले. ओल किती खोल गेली ते पाहत होते.

"अर्धी गेली," ते म्हणाले.

"बाबा, माह्यी चूक झाली. मीच त्यायले या म्हनलं."

"तुह्यी नाई." एवढेच. मुलांना शिव्या नाहीत, बाईंना नाहीत. हात धोतराला पुसून ते कोरड्या अर्ध्या बागेकडे गेले आणि दोन्हींच्या मधे नवा बांध घालायला लागले. गजाननने फावडे मागितले, दिले नाही.

माझ्याकडून पुरवणीला लेख गेला नाही. संपादकांनी ती जागा मिशीवाल्या पोराच्या फोटोने भरली.

पुढचे आठवडे मी कामासाठी त्या रस्त्याने जात राहिलो. ओल्या अर्ध्या बागेत नवती फुटली. कोवळी, पोपटी, चकचकीत. कोरडी अर्धी बाग करपत चालली. रस्त्याने जाणारे हिरव्या बाजूकडे पाहून म्हणत, ही बाजू बघा कशी तरारली आहे, त्या बाजूचं काही खरं नाही. एकदा बसमधल्या एका आईने लेकीला तसे दाखवलेले मी ऐकले. ती विझणारी बाजू हाच आता सगळा जुगार होता, हे बसमध्ये कोणाला सांगणार?

पौष सरत आला तेव्हा सुनंदाचा फोन आला. "भाऊ, उद्या ताण तोडून राहिले. तुमाले पाहाचं असन तं या." मग म्हणाली, "सरायले बी म्या फोन केला. बाबाले सांगतलं नाई."

सकाळी बांधावर किसनराव, गजानन, सुनंदा आणि मी. आळी खणून, खत घालून तयार होती. फावडे पाटाच्या तोंडाशी उभे रोवलेले. किसनराव त्याला हात लावत नव्हते. मोटार सुरू झाली, पाटात पाणी येऊन तुंबले, तरी त्यांनी तोंड फोडले नाही.

"सोडा ना बाबा," गजानन म्हणाला.

"सोडतो."

"भाच्याबिगर नका सोडू," सुनंदा म्हणाली. "या साली तं नका सोडू, बाबा."

किसनरावांनी तिच्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे. दिगंबर सरांची गाडी थांबली होती. सर जाकीट सावरत चिखल चुकवत आले आणि काही पावलांवर उभे राहिले.

"मामा," ते म्हणाले. "नवी आवृत्ती निघते आहे. मी सुरुवातीला लिहितो की खरे मामा तसे नव्हते. प्रेमळ होते."

"मी कवा प्रेमळ होतो?"

सर एक पाऊल पुढे आले, बूट चिखलात गेला.

"एक खोटं पुसाले दुसरं नको फासू. संत्रं देत नोतो तुले, ते खरं हाय. ते राहू दे. बोलावून आनत होतो, ते बी खरं होतं. ते तुनं काढून टाकलं."

पाणी पाटात चढत होते. बांध ओलावू लागला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर ते भलतीकडून फुटले असते. सगळे ते पाहत होते. हा माणूस आता भाच्याला हाकलून देईल आणि स्वतः पाणी सोडेल, असे मला वाटले. रागाच्या बाजूने तेच बरोबर होते. किसनरावांनी फावडे उपटले आणि दांडा सरांच्या पुढे धरला.

"सोड."

सरांनी घेतले. पहिला घाव वरवरचा बसला, दुसरा बसला आणि पाणी सुटले. "हळू सोड, पह्यलं पानी हलकं लागते," किसनराव म्हणाले. पाणी पहिल्या आळ्यात शिरले, बुडख्याभोवती फिरले. सुकलेल्या मातीने ते पिताना बारीक आवाज येतो, तो आला.

मग किसनराव खाली वाकले. वाकायला त्यांना वेळ लागला. सर मागे सरकले. "मामा, नको. मी तुमच्या..."

"उभा राय," किसनराव म्हणाले. "तुह्यासाठी नाई करून राहिलो."

सर उभे राहिले. म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे दोन्ही हात भाच्याच्या चिखल लागलेल्या बुटांवर ठेवले, कपाळ टेकवले, आणि गुडघ्यावर हात रेटून उठले. चेहरा जसा होता तसाच होता. फावडे त्यांनी सरांच्या हातून परत घेतले.

"झालं. आता जाय."

सर गाडीपर्यंत गेले. थोडा वेळ गाडी सुरू झाली नाही, मग झाली. किसनरावांनी तिकडे पाहिले नाही. ते दुसऱ्या आळ्याचे तोंड फोडत होते.

फूल आले. कोरडी अर्धी बाग देठोदेठी पांढरी झाली. वास रस्त्यावर येई, मोटारसायकलवाले वेग कमी करत. हिरव्या बाजूला कुठे कुठे चुकार फूल होते, मोजण्यासारखे नाही. गजाननने शब्द अर्धा पाळला: जी बाजू फुलली ती ठेवली, दुसरीला आरा लावला. कापणारे आले त्या दिवशी मी तिथे होतो. ओल्या संत्र्याच्या लाकडाचा वास गोडसर असतो, आणि भुसा पिवळा पडतो. किसनराव ठरल्याप्रमाणे मधे आले नाहीत. फुललेल्या बाजूला पाठ करून खाटेवर बसले होते, तोंड आऱ्याकडे.

सुनंदाचा फोन वाजला. तिने नाव पाहिले, ऐकले, आणि फोन हाताने झाकून सासऱ्याजवळ आली.

"बाबा, सर इचारून राहिले, फूल आलं का."

आरा एका खोडात अडकला होता. माणसे तो हिसकत होती. किसनरावांनी तो सुटेपर्यंत उत्तर दिले नाही.

"आलं म्हना."

ती वळली, तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली.

"अन म्हना, लेहू नको."